आपलं कोण आहे तिथं?

जळगावात मे महिन्यात घाम येणं हे हृदयविकाराचं लक्षण धरायचं ठरवलं, तर अख्खं गाव डॉक्टरांसकट ॲडमिट करावं लागेल. त्यामुळे मेहरूण तलावाच्या सकाळच्या फेरीत डाव्या खांद्यापासून कोपरापर्यंत काहीतरी ओढल्यासारखं झालं आणि बनियन पिळण्याइतकं भिजलं, तेव्हा मी रीतीप्रमाणे उन्हाला शिव्या दिल्या. घरी आल्यावर हिनं गॅसला दिल्या. ओवा झाला, काळं मीठ झालं, सोडा झाला. चौथ्या दिवशी त्याच वळणावर, त्याच सिमेंटच्या बाकापाशी पुन्हा तेच झालं, तेव्हा मात्र माझ्यातला वाहतूक नियंत्रक जागा झाला. एसटीत ३२ वर्षं काढली आहेत. गाडी रोज एकाच चढावर दम टाकायला लागली की तक्रार उन्हाची नसते, हे डेपोतलं शेंबडं पोरही सांगेल.

मग ईसीजी, मग पट्ट्यावर पळवणं, मग मनगटातून नळी घालून अँजिओग्राफी. दोन नसा निघाल्या. एक ७० टक्के, एक ९०. हे आकडे मी घरी सांगितले तेव्हा धाकट्या नातवानं विचारलं, "आजोबा, ९० म्हणजे चांगले ना?"

डॉक्टर तरुण होते, पण बोलले नीट. म्हणाले, "काका, दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. आज रात्री कळ आली आणि थांबली नाही, तर कुठं जायचं याची चर्चा करायची नाही. कुणाला फोन लावत बसायचं नाही. सरळ इथं यायचं. त्या वेळी नस जितकी लवकर उघडेल तितकं हृदय वाचतं. आणि समजा गावाला आहात, दोन तासांत कॅथलॅबपर्यंत पोचणं जमत नाही, तर जवळच्या दवाखान्यात आधी गुठळी विरघळवायचं इंजेक्शन घ्यायचं आणि मग पुढं निघायचं. नाशिकच्या रस्त्यावर गाडीत बसून राहायचं नाही. पण कळ आली नाही, तर तुमच्याकडे पंधरा दिवस आहेत. गोळ्या घ्या, दगदग करू नका, आणि कुठं करायचं ते सावकाश ठरवा."

हे शेवटचं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. आमच्या घराला एकदाचं ठरवून टाकायची सवय नाही. साधं लग्नाला कुठली गाडी करायची यावर आमच्याकडे तीन दिवस जातात, आणि शेवटी सगळे आपापल्या गाडीनं येतात.

दुसऱ्या दिवशी भुसावळहून दादा आले. रेल्वेत होते, त्यामुळे त्यांचं जग मध्य रेल्वेपुरतं आणि त्याचं शेवटचं स्टेशन मुंबई. "मुंबई म्हणजे मुंबई," ते म्हणाले, "बाकी सगळं पॅसेंजर." पुण्याहून मुलाचा फोन आला, की पुण्याला या, माझ्या फ्लॅटपासून हॉस्पिटल २० मिनिटांवर. सुरतेहून मेहुण्याचा. सुरतेत निम्मं खानदेश राहायला गेलेलं आहे, उधन्याला उतरलं तर कुणी गुजरातीत बोलण्याआधी अहिराणीत हाक मारतं, तेव्हा सुरत ही काही परकी जागा नव्हेच. नाशिकला भाची. संभाजीनगरला साडूची मुलगी, तिच्या सोसायटीत दोन डॉक्टर. इंदूरचं नाव कुणी का काढलं ते शेवटपर्यंत कळलं नाही, बहुधा सराफ्याच्या खाऊगल्लीसाठी.

मी वही काढली. सवय जात नाही. डावीकडे गावाचं नाव, पुढं किलोमीटर, पुढं वेळ, पुढं घाट. मुंबई ४२०, रेल्वेनं सात तास. नाशिक अडीचशेच्या आत. संभाजीनगर दीडशेच्या वर आणि मध्ये अजिंठ्याचा घाट. वही भरल्यावर लक्षात आलं की एकाही गावापुढं कुणी डॉक्टरचं नाव सांगितलेलं नव्हतं. सगळ्यांनी एकच सांगितलं होतं: तिथं आपलं कोण आहे. माझ्या वहीतला दवाखान्यांचा नकाशा हा खरं तर नातेवाइकांचा नकाशा होता.

शेवटचा फोन एडिसनहून. पुतण्या तिकडे न्यू जर्सीत आहे. "काका, तुम्ही इकडेच या. मी सगळं बघतो."

आता 'बाहेर नेणं' हा आमच्याकडे मोठा शब्द आहे. साक्रीच्या माणसाला धुळं म्हणजे बाहेर. धुळ्याच्या माणसाला नाशिक म्हणजे बाहेर. नाशिकवाला मुंबईला बाहेर म्हणतो आणि मुंबईवाल्याची नजर थेट विमानतळाकडं. २००३च्या जुलैत लाहोरची एक अडीच वर्षांची मुलगी दिल्ली-लाहोर बसमधून आली आणि बंगळुरूला तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. मला त्या बातमीतली बस तेवढी लक्षात राहिली, नोकरीचा परिणाम. पण तिच्या आईबापांनी शेजाऱ्यांना काय सांगितलं असेल? "पोरीला बाहेर नेतोय." म्हणजे आपण ज्याला घर म्हणतो ते त्यांचं बाहेर.

आणि जितकं लांब नेलं तितकी माया जास्त, हा हिशोब तर पक्काच. तिकिटाच्या टप्प्यासारखा. "बापाला मुंबईला नेलं हो त्यांनी," असं दहाव्याच्या दिवशी घाटावर बोललं जातं, तेव्हा त्यात बाप वाचला नाही ही गोष्ट मागं पडते आणि मुंबई पुढं येते. "इथंच केलं," असं म्हणायची वेळ ज्याच्यावर येते, तो बिचारा पुढं दोन वाक्यं खुलाशाची जोडतो. याला गरीब-श्रीमंत असा भेद नाही. १९८२च्या ऑक्टोबरात राष्ट्रपती झैलसिंग हृदयाच्या ऑपरेशनसाठी अमेरिकेत टेक्सासला गेले होते आणि तेवढे दिवस उपराष्ट्रपती हिदायतुल्ला राष्ट्रपतींचं काम बघत होते. तेव्हा आम्ही डेपोत चहा पिताना म्हणायचो, राष्ट्रपतीला जावं लागतं तर आपलं काय. त्याआधी १९७५ सालीच मद्रासच्या पेरांबूरला, रेल्वेच्या दवाखान्यात, डॉ. चेरियन यांनी बायपास करून दाखवली होती. रेल्वेच्या! पण दादांनाही हे माहीत नव्हतं. मुंबईत केईएमला डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय बदलण्याचा प्रयत्न केला तो १९६८च्या फेब्रुवारीत, बर्नार्डनं आफ्रिकेत केल्यानंतर तीन महिन्यांच्या आत. रोगी काही तासच जगला, पण धाडस परळमध्ये झालं होतं. पुढं मराठी घरांत हृदयाचं ऑपरेशन म्हणजे नितू मांडके असं समीकरण झालं. ते स्वतः २००३ साली हृदयविकारानंच गेले. त्या दिवशी आमच्या कंट्रोल केबिनमध्ये कुणी फारसं बोललं नाही.

मला मात्र यात मनमोहन सिंगांची गोष्ट सगळ्यात आवडते. १९९० साली त्यांची पहिली बायपास झाली ती इंग्लंडात. दुसरी २००९च्या जानेवारीत, पंतप्रधान असताना, दिल्लीला एम्समध्ये, आणि ती करायला मुंबईहून डॉ. रमाकांत पांडा यांची टीम दिल्लीला गेली. १९ वर्षांत रोग्याचं विलायतेला जाणं संपून डॉक्टरनं रोग्याकडे येणं सुरू झालं. हे मी दादांना ऐकवलं. दादा म्हणाले, "ते पंतप्रधान होते. तुझ्याकडे कोण येणार?" मुद्दा बरोबर होता.

मग सगळ्यांनी सीडी मागितली.

अँजिओग्राफीची सीडी ही मजेची चीज आहे. दवाखाना ती तुमच्या हातात देतो आणि ती लावायला यंत्र जगात कुणाकडेच उरलेलं नसतं. मुलाच्या लॅपटॉपला खाचच नाही. शेवटी बळीराम पेठेजवळ एका फोटो स्टुडिओत गेलो, तिथं लग्नाचे अल्बम बनवतात. पोरगा विशीतला, कानात डूल. त्यानं सीडी घातली आणि मोठ्या पडद्यावर माझं हृदय धडधडायला लागलं. करड्या रंगात, फेब्रुवारीतल्या वाळलेल्या पऱ्हाटीसारखं. औषध सुटलं की काळ्या फांद्या भराभर फुटायच्या आणि पुसल्या जायच्या. एका ठिकाणी फांदी अगदी दोऱ्याएवढी होऊन पुढं पुन्हा जाड झाली होती. पोरानं तिथं बोट ठेवलं. "काका, इथं आहे का?" मी म्हटलं, "हो." तो थोडा वेळ गप्प बसला. मग माऊस हातात घेऊन, धंद्याच्या सवयीनं, पण मनापासून म्हणाला, "काका, मागं गाणं टाकून देऊ का?"

गाणं न टाकता पेनड्राइव्ह घेतला. पैसे त्यानं घेतले नाहीत. तिथून पुढं माझ्या हृदयानं जो प्रवास केला तो मी अख्ख्या नोकरीत केला नव्हता. सुरतेहून मत आलं, दोन स्टेंट टाका, झालं. मुंबईहून आलं, साखर आहे म्हणता, मग बायपासचाही विचार करावा. नाशिकहून आलं, माणूस बघितल्याशिवाय सांगता येत नाही, आणि हे मला सगळ्यात शहाणपणाचं वाटलं. एडिसनला पुतण्यानं व्हिडिओ शेजारच्या डॉक्टरला दाखवला. त्यांनी रात्री दोन तास बसून बघितला आणि छान सविस्तर सांगितलं. नंतर कळलं की ते किडनीचे आहेत.

पुतण्या मनाचा चांगला आहे. त्यानं विमानाचं, व्हिसाचं, पाहुण्यांच्या विम्याचं सगळं काढलं. पण विम्याच्या कागदात बारीक अक्षरात होतं, की आधीपासूनचा आजार धरणार नाही. आता माझं हृदय आधीपासूनचंच होतं, ६६ वर्षं जुनं, याला मी काय करणार? शिवाय हा स्वतः दर डिसेंबरला जळगावला येतो तेव्हा पहिल्या आठवड्यात दाताचं रूट कॅनाल करून घेतो, दुसऱ्या आठवड्यात चष्म्याचे तीन जोड करतो आणि रक्त-लघवीच्या सगळ्या तपासण्या करून फाइल घेऊन परत जातो. मी एकदा विचारलं, "अरे, तिकडं नाही का होत?" तर म्हणाला, "होतं ना काका. पण परवडत नाही. आणि अपॉइंटमेंट कोण काढणार?" म्हणजे आम्ही दोघं एकमेकांच्या देशाकडे दवाखाना म्हणून बघत होतो.

या सगळ्यात साक्रीकडचे मामा आले. ८४ वर्षांचे, धोतर, हातात पिशवी, पिशवीत कांदे. त्यांचं शेत पांझरेच्या काठी, फडावर. फड म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगावं लागतं. नदीला बंधारा घालायचा, त्यातून पाट काढायचा, पाटाच्या चाऱ्या, आणि सगळ्या गावानं मिळून ठरवायचं की यंदा कुठल्या फडात ऊस, कुठल्या फडात गहू. पाणी कुणाला किती, हे पाटकरी बघणार. शेकडो वर्षं हे चालत आलं. मामा तरुणपणी उन्हाळ्यात पाटातला गाळ काढायला उतरलेले. त्यांना मी मोबाइलवर माझ्या नसा दाखवल्या. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून, मोबाइल लांब धरून, सगळं दोनदा बघितलं.

"भाचा," ते म्हणाले, "हाई ते पाट शे. पाटमा गाळ बसना का शेतले पानी मियस नही. मंग दोनच वाटा. गाळ काढा, नही ते बाजूले नवी चारी पाडा."

प्लास्टी आणि बायपास यांतला फरक मला तोवर चार डॉक्टरांनी सांगितला होता. इतक्या कमी शब्दांत कुणी सांगितला नव्हता.

मग ते एडिसनचं ऐकून म्हणाले, "पाट गावना, गाळ गावना, मंग पाटकरी परमुलूखना काब्र?" काब्र म्हणजे कशाला.

मी निवृत्त माणूस, वाचन थोडंबहुत आहे. मी म्हटलं, मामा, तुमच्याच दातर्तीला पांझरेच्या पात्राखालून पाणी पलीकडे नेणारा सायफन आहे ना, १८८४च्या सुमाराचा? तो बांधला विश्वेश्वरय्यांनी. तरणे होते, नुकतेच नोकरीला लागलेले. ते कुठं गावचे होते? म्हैसूरकडचे होते.

मामांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "तो उना ना आठे! आपन गयतूत का म्हैसूरले?"

दादा पहिल्यांदाच गप्प झाले. मला एकदम एम्सला गेलेले मुंबईचे डॉक्टर आठवले. आणि आपल्या डोळ्यांदेखत झालेलं आठवलं. मी नोकरीला लागलो तेव्हा धुळ्यात सरकारी मेडिकल कॉलेजही नव्हतं, आणि जळगावचं तर २०१८ला झालं. पूर्वी छातीत दुखलेला माणूस आम्ही रात्रीच्या नाशिक गाडीत मागच्या सीटवर आडवा करून पाठवलेला आहे, कंडक्टरला सांगून, की बाबा, मालेगावला एकदा बघ. आज त्याच गावांत तारेनं नस उघडणारी पोरं बसली आहेत, बरीचशी इथलीच, बाहेर शिकून आलेली. पाटकरी आला होता. आम्हीच अजून स्टँडवर उभे होतो.

स्टेंटच्या किमतीचंही असंच. पूर्वी औषध लावलेला स्टेंट लाखाच्या घरात जायचा. २०१७च्या फेब्रुवारीत सरकारनं त्याची कमाल किंमत २९,६०० ठरवली, साध्याची ७,२६०. पुढं आकडे थोडे हलले, पण कमाल किंमत अख्ख्या देशाला एकच. मुंबईत घाला नाहीतर धुळ्यात, एसटीच्या टप्प्यासारखं, डेपो बदलला म्हणून भाडं बदलत नाही. बाकीचं बिल अर्थात ज्याच्या त्याच्या गालिच्यावर.

तरी ठरत नव्हतं. पंधरापैकी अकरा दिवस संपले. ही इतके दिवस चहा देत होती आणि ऐकत होती. अकराव्या रात्री दिवा मालवल्यावर म्हणाली, "अहो, डबा कोण आणणार?"

मी म्हटलं, मुंबईच्या दवाखान्यात कँटीन असतं.

"तुमच्यासाठी असेल. मी कुठं झोपणार? मला तिथला रस्ता ओलांडता येत नाही. रात्री तुम्हाला काही झालं तर मी कुणाला हाक मारू?"

याला माझ्या वहीत रकाना नव्हता. मुंबईत टाटाला गेलेल्यांचे नातेवाईक दादरला गाडगेबाबांच्या नावाच्या धर्मशाळेत उतरतात, ते मी पाहिलेलं आहे. एका सहकाऱ्याला भेटायला गेलो होतो. तो वॉर्डात होता, आणि त्याची बायको दोन महिने तिथं, एका ट्रंकेवर संसार मांडून, शेजारणीशी चुलीवरून ओळख करून घेत राहिली होती. गाडगेबाबांनी आयुष्यभर धर्मशाळा बांधल्या. रोग्याबरोबर आलेलं माणूस कुठं पाठ टेकणार, हा प्रश्न आमच्या घरात अकरा दिवसांत, नऊ पुरुषांपैकी एकाच्याही तोंडून आला नव्हता.

"मग इथंच करू, जळगावात?" मी विचारलं.

"नको बाई. इथं रोज पन्नास माणसं बघायला येतील. चहा करता करता मीच शेजारच्या खाटेवर. धुळ्याला करू. ताई आहे तिथं."

ताई म्हणजे हिची थोरली बहीण, जुन्या धुळ्यात, एका नंबराच्या गल्लीत. धुळ्याच्या गल्ल्यांना नावांऐवजी नंबर आहेत, कॅप्टन ब्रिग्जनं पेठ आखली तेव्हापासून. पत्ता सांगायला सोपा. डब्याला जवळ आणि चहापाण्याला लांब. शिवाय जिल्हा दुसरा, त्यामुळे दादांना भुसावळात सांगता आलं, "बाहेर नेलं."

आधी दाखवायला आम्ही एसटीनंच गेलो. ही बाई म्हणून अर्ध्या तिकिटात, मी पासष्टीवरचा म्हणून अर्ध्या तिकिटात. दोघं मिळून एका माणसाच्या भाड्यात धुळं. धुळ्याच्या डॉक्टरांनी सीडी बघितली, मला बघितलं, पोट दाबलं, आणि पहिला प्रश्न विचारला, "काका, वरण-बट्टी आठवड्यातून किती वेळा? आणि बट्टी तुपात बुडवता की वरून घेता?" मी खोटं बोलायच्या आत ही म्हणाली, "बुडवतात." मुंबईहून पाठवलेल्या तक्त्यात ओट्स आणि ब्राउन ब्रेड होता. यांनी भरीत चालेल म्हणून सांगितलं, फक्त फोडणी अर्धी आणि वर तरंगतं ते तेल ताटलीत नको. मला वाटलं, हा माणूस माझी नस ओळखतो.

दोन स्टेंट बसले. तासाभराचं काम, मी जागाच होतो, मनगटापाशी थोडं टोचलं आणि छातीत क्षणभर जड झालं तेवढंच. शेजारच्या खाटेवर शिरपूरकडचा एक शेतमजूर होता, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. त्याला सकाळी छातीत आलं, दुपारी तो टेबलावर होता. कुठं जायचं हे त्याच्याकडे कुणी ठरवलंच नव्हतं. केशरी रेशनकार्ड आणि आरोग्यमित्राच्या टेबलावरचा एक अंगठा. राज्यानं ही योजना सुरू केली २ जुलै २०१२ला, पहिल्या आठ जिल्ह्यांत, तेव्हा राजीव गांधींच्या नावानं, आता महात्मा फुल्यांच्या. त्या आठांत मुंबई होती आणि धुळंही होतं. त्यानं मला एकच विचारलं, "बाबा, मृगाच्या आत सोडतील ना? पेरणी शे."

संध्याकाळी ताई डबा घेऊन आल्या. पाठोपाठ साडू. साडू खुर्चीवर बसून पायातली चप्पल काढत म्हणाले, "आमच्या गल्लीतल्या आप्पांचंही कालच केलं. तुमच्यासारखंच, दोन."

"कुठं?"

"जळगावला नेलं. इथं बघायला येणाऱ्यांचा फार त्रास, म्हणाले. मुलगी आहे त्यांची तिकडे, महाबळला. ती डबा देते."

मी हिशोब केला. आम्ही सकाळी सातला निघालो होतो, ते साडेसातला. दोन्ही गाड्या पारोळ्याच्या आसपास एकमेकींना ओलांडून गेल्या असणार. कदाचित एकाच टपरीवर दोन्हीकडच्यांनी बिनसाखरेचा चहा घेतला असेल.

जळगावला परतल्यावर नवी सीडी घेऊन पुन्हा त्या स्टुडिओत गेलो. एडिसनला पाठवायची होती, किडनीवाल्या डॉक्टरांनी आठवणीनं मागितली होती. पोरानं जुनी फाइल ठेवलेलीच होती, नाव दिलं होतं 'काका हार्ट'. नवी शेजारी लावली. जिथं दोरा होता तिथं आता सरळ, भरलेली फांदी. तो खूश झाला. दोन्ही फाइली एकापुढं एक जोडल्या, मध्ये पडदा काळा केला, आणि नाव बदलून लिहिलं 'काका हार्ट फायनल'. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आता तरी टाकू ना गाणं?"

या वेळी मी नाही म्हटलं नाही.